अदृश्याकडे अंगुलिनिर्देश : नभोवाणीवरील चित्रकथा व विज्ञानकथा यांची भाषा

चित्रकथा ही डोळ्यांनी वाचावयाची असते. विज्ञानकथेचा विषय बव्हंशी कोणी कधी न पाहिलेल्या वस्तू हा असतो. या दोन्ही प्रकारांना नभोवाणीने जवळ केले, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ज्या माध्यमात चित्रच नाही, त्यात चित्रकथा उतरावी कशी? या प्रश्नाचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे की, चित्राची उणीव निवेदकाचे वर्णन भरून काढते. हे उत्तर अपुरे आहे, किंबहुना ते दिशाभूल करणारे आहे, असे आमचे मत आहे. या नभोनाट्यांचे यश वर्णनात नसून निर्देशात आहे. हे मत दोन प्रसिद्ध उदाहरणांवर तपासून पाहू.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांनी भाषासिद्धान्तावरील आपल्या १९३४ सालच्या ग्रंथात निर्देशाचे तीन प्रकार मानले आहेत : समोर दिसणाऱ्या वस्तूकडे केलेला, बोलण्यात आधी येऊन गेलेल्या गोष्टीकडे केलेला, आणि केवळ कल्पनेत असलेल्या वस्तूकडे केलेला. प्रत्येक निर्देशाला 'मी-येथे-आता' असा एक केंद्रबिंदू असतो. तिसऱ्या प्रकारात श्रोता स्वतःचा केंद्रबिंदू सोडून वक्त्याने कल्पिलेल्या जागी जाऊन उभा राहतो. नभोनाट्याची सारी किमया या स्थलांतरात आहे.

जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'मधून वाचकांसमोर आला. त्याची नभोवाणीमालिका १२ फेब्रुवारी १९४० रोजी सुरू झाली व १९५१ पर्यंत चालली. तिची सुरुवात सर्वपरिचित आहे. रस्त्यावरील माणसे आकाशाकडे बोट दाखवितात. एकाला तो पक्षी वाटतो, दुसऱ्याला विमान, आणि मग खरे नाव उच्चारले जाते. या काही शब्दांत नायकाच्या रूपाचे वर्णन मुळीच नाही. तरीही श्रोता वर पाहतो. पहिले दोन तर्क चुकीचे असले तरी व्यर्थ नाहीत : वस्तू उंचावर आहे, ती उडत आहे, आणि तिचा आकार चटकन ओळखता येत नाही, एवढे ते सांगून जातात. मुख्य म्हणजे गर्दीचे अज्ञान आणि श्रोत्याचे अज्ञान येथे समान पातळीवर येते. न दिसणे ही माध्यमाची उणीव न राहता प्रसंगाचाच एक भाग बनते.

हाच प्रसंग मराठीत आणावयाचा झाल्यास काय घडेल, याचा विचार उद्बोधक ठरेल. अनोळखी वस्तूसाठी मराठी वक्ता सहजच नपुंसकलिंग वापरील : 'ते काय उडते आहे?' 'पक्षी' म्हणताच लिंग पुल्लिंगी होईल, 'विमान' म्हणताच ते पुन्हा नपुंसकलिंगी होईल, आणि ओळख पटल्यावर 'तो' स्थिर होईल. जे इंग्रजीला नामांच्या बदलातून साधावे लागते, ते मराठीत सर्वनाम आणि क्रियापद यांच्या रूपांतूनही ऐकू येईल.

सुपरमॅनचे दुहेरी व्यक्तिमत्त्वही असेच ध्वनीतून सिद्ध होते. चित्रात चष्मा व पोशाख यांनी हे काम होते. नभोवाणीवर बड कॉलियर हा नट क्लार्क केंटसाठी वरचा स्वर लावी आणि सुपरमॅन होताना, प्रसंगी एकाच वाक्याच्या ओघात, तो खाली उतरवी. या पट्टीबदलाची छापील संहितेत खूणही सापडणार नाही. चित्रकथेनेही नभोवाणीकडून उसने घेतले आहे : क्रिप्टोनाइट हा घातक पदार्थ नभोवाणीवर १९४३ साली आला, चित्रकथेत तो १९४९ साली उतरला.

दुसरे उदाहरण 'वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स'चे. एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरील हे नाट्य हॉवर्ड कॉक यांनी लिहिले व ऑर्सन वेल्स यांनी ३० ऑक्टोबर १९३८ रोजी सीबीएसवरून सादर केले. त्याने माजविलेल्या घबराटीची चर्चा फार झाली. वृत्तपत्रांनी ती बरीच फुगविली, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कार्ल फिलिप्स हा कल्पित वार्ताहर. ती भूमिका करणाऱ्या फ्रँक रीडिक या नटाने हिंडेनबर्ग या वायुनौकेच्या १९३७ मधील दुर्घटनेचे ध्वनिमुद्रण ऐकून आपली शैली घडविली होती. ग्रोव्हर्स मिल येथे उभा राहून तो दिसेल तसे, अडखळत सांगतो. त्याचे अडखळणे वर्णनापेक्षा अधिक बोलके आहे. मग त्याचे बोलणे मध्येच तुटते आणि शांतता पसरते. ज्या 'येथे'वर श्रोता उभा होता, ते 'येथे'च नाहीसे होते. याउलट उत्तरार्ध प्राध्यापक पिअर्सनच्या टिपणवजा स्वगतावर सोपविला आहे. तेथे लेखनाची भाषा येते, निर्देश मंदावतो, आणि नाट्याची पकडही सैल होते. एकाच कृतीच्या दोन भागांतील हा फरक आमच्या विधानाचा सबळ पुरावा होय.

आजच्या पॉडकास्टांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. चित्रकथांवरील चर्चेत दोन वक्ते पुस्तक समोर उघडून बसतात आणि 'ही चौकट', 'हा रंग' असे बोलू लागतात. हा पहिल्या प्रकारचा निर्देश असून तो त्या दोघांपुरताच सार्थ असतो; श्रोता दाराबाहेर राहतो. श्रोत्याच्याही हाती पुस्तक असेल, हा बचाव फारसा टिकत नाही. कारण चालताना वा काम करताना ऐकता येणे हेच या माध्यमाचे बळ आहे. यावर उपाय म्हणून चौकटींचे लांबलचक वर्णन करण्याचेही कारण नाही. चौकटीत कोण कोठे उभे आहे व कोणाकडे पाहत आहे, एवढे आधी सांगितले तरी पुढील 'हा' आणि 'तो' यांना आधार मिळतो.

आमच्या विभागांतून नभोनाट्याचा अभ्यास अद्याप बहुधा छापील संहितेवरून होतो. कॉलियरचा उतरता स्वर आणि फिलिप्सनंतरची शांतता कागदावर नाहीत. विद्यार्थ्यांनी प्रथम ध्वनिमुद्रण ऐकावे, निर्देशक शब्दांची व विरामांची नोंद करावी, आणि संहिता त्यानंतर उघडावी. मूल्यमापनाचा प्रश्न त्यानंतरच विचारता येईल.