लांडगा कधी दाखवायचा?

स्टीफन किंगच्या 'सायकल ऑफ द वेअरवुल्फ' या छोटेखानी कादंबरीत एक गफलत आहे, आणि घरात पंचांग टांगलेल्या कुणाच्याही ती चटकन लक्षात येईल. दर पौर्णिमेला एक माणूस लांडगा होतो. बारा महिने, बारा पौर्णिमा. फेब्रुवारीतली नेमकी व्हॅलेंटाइनच्या दिवशी, जुलैतली चार तारखेला म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी आणि डिसेंबरातली थेट वर्षाच्या शेवटच्या रात्री. चंद्र असे सणवार बघून पूर्ण होत नाही. किंगने पुस्तकात टीप देऊन ही सूट घेतल्याचं कबूल केलं आहे. मूळ कल्पनाच मुळी कॅलेंडरची होती: बर्नी राइटसनने दर महिन्याला एक चित्र काढायचं आणि किंगने त्याखाली चार ओळी लिहायच्या. ओळी चारावर थांबल्या नाहीत आणि १९८३ साली त्याचं पुस्तक झालं.

पुस्तकाला ही सूट पचली. चित्रपटाचे हाल मात्र फार झाले. १९८५ सालच्या 'सिल्व्हर बुलेट'ची पटकथा स्वतः किंगने लिहिली, निर्माता डिनो डी लॉरेंटिस, आणि लांडग्याचा पोशाख बनवणारा कार्लो रांबाल्डी म्हणजे 'ई.टी.'चा बाहुला घडवणारा माणूस. एवढी नावं एकत्र आल्यावर काय अडणार? अडलं ते पोशाखावरच. तो निर्मात्याच्या मनास येईना. पहिला दिग्दर्शक डॉन कॉस्कारेली याने लांडगा नसलेली दृश्यं तेवढी चित्रित केली आणि वादावादीत तो बाहेर पडला. पुढचं काम डॅनियल अटियासने पुरं केलं, आणि चित्रपट दिग्दर्शित करण्याची त्याची ती पहिलीच खेप. पाद्र्याची भूमिका करणारा एव्हरेट मॅकगिलच शेवटी त्या केसाळ कातड्यात शिरला. आज चित्रपट पाहताना तो प्राणी अस्वलासारखा दिसतो, हे किंगच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. त्यात पुस्तकात राइटसनची जबरदस्त चित्रं आधीच छापलेली, त्यामुळे प्रेक्षक तुलनेचं माप खिशात घेऊनच थिएटरात आला.

भयकथेच्या रूपांतराची सगळी गोम इथे आहे. लेखक 'अंधारात काहीतरी केसाळ हललं' असं लिहून मोकळा होतो, बाकीचं वाचक आपापल्या भीतीप्रमाणे भरून घेतो. दिग्दर्शकाला ते काहीतरी कुणाकडून तरी शिवून घ्यावं लागतं. त्याचं माप घ्यायचं, त्यात माणूस घुसवायचा, उन्हात त्याला घाम फुटला की वारा घालायचा, आणि एवढं करून ते कधी दाखवायचं यावर लेखक, दिग्दर्शक आणि पैसेवाला यांच्यात भांडण ठरलेलं. लवकर दाखवलं तर भीती संपते. शेवटपर्यंत झाकलं तर प्रेक्षक म्हणतो, पैसे बुडाले.

१९८१ हे साल या बाबतीत मोठं गमतीचं. त्या एका वर्षात हॉलिवुडमधून लांडग्यांचे तीन मोठे चित्रपट आले. गॅरी ब्रँडनरच्या कादंबरीवरचा 'द हाउलिंग' पटकथाकार जॉन सेल्सने इतका बदलला की मूळ पुस्तकाचं नाव आणि लांडगे एवढंच उरलं. मला विचाराल तर ते बरंच झालं. त्याचा रंगभूषाकार रिक बेकर काम अर्ध्यात रॉब बोटिनच्या हाती देऊन जॉन लँडिसच्या 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'कडे गेला. त्याने लख्ख उजेडात, बैठकीच्या खोलीत, माणसाचं हाड न् हाड लांबताना दाखवलं, आणि रंगभूषेसाठी नव्यानेच सुरू झालेलं ऑस्कर त्याला मिळालं. तिसरा 'वुल्फेन'. त्याचा दिग्दर्शक मायकल वॉडली याच्या हातून चित्रपट संकलनात काढून घेतला गेला. एकाच साली तीन चित्रपट, आणि तिन्हींच्या पडद्यामागे ओढाताण. त्याच्या वीस वर्षं आधी ब्रिटनच्या हॅमर कंपनीने गाय एन्डोरची 'द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस' ही कादंबरी पडद्यावर आणताना पॅरिस उचलून स्पेनमध्ये नेलं होतं. का, तर इन्क्विझिशनवरचा एक बेत बारगळला होता आणि त्याचे स्पॅनिश नेपथ्य उभे होते. वाया कशाला घालवायचे!

आपल्याकडे हा प्राणी आला तो तुकड्यातुकड्याने. १९७९ च्या 'जानी दुश्मन'मध्ये नवरीच्या लाल पोशाखावर खवळणारं केसाळ भूत होतं. १९९२ साली महेश भट्टच्या 'जुनून'मध्ये राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होई, आणि त्यातल्या रूपपालटावर लंडनच्या लांडग्याची सावली स्पष्ट दिसे. लांडग्याऐवजी वाघ घेणं ही शहाणपणाची निवड होती, पण कथा शापापलीकडे गेली नाही. मग २०२२ चा 'भेडिया'. अमर कौशिकने तो अरुणाचलातल्या झिरोच्या रानात नेला आणि लांडगा संगणकावर घडवला. शिवणकामाचा प्रश्न सुटला खरा, तरी 'कधी दाखवायचा' हा सुटला नाही. संगणकावर एवढा खर्च झाल्यावर तो लपवून ठेवायला कोण तयार होईल?

मराठी मुलखात याच भांडणाचं सर्वांत लांबलेलं आणि सर्वांत फळलेलं उदाहरण म्हणजे 'तुंबाड'. त्याचा एक धागा आपल्या विदर्भातून जातो, हे थोड्यांना ठाऊक आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात रात्री एका मित्राने राही अनिल बर्वे या पोरसवदा मुलाला नारायण धारपांची एक कथा ऐकवली आणि त्याची झोप उडाली. ती 'आजी'. धारपांची 'आजी' स्वतः किंगच्या 'ग्रॅमा'वरून आलेली. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यात धारपांच्या लेखणीतून मराठी झाली, तिथून तोंडी नागझिऱ्याच्या रानात पोचली आणि शेवटी कोकणातल्या वाड्यात साखळदंडाने बांधली गेली. रूपांतराला एवढा फेरा पडला की मूळ मालक ओळखूच येऊ नये, आणि चांगल्या रूपांतराची हीच खूण आहे. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलं, गोष्ट मात्र वेगळीच. 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांच्या मुलाने बापासारखंच, कुणाची परवानगी न विचारता, आपलं रान धरलं.

पुढचा हिशेब छाती दडपवणारा आहे. पहिला खर्डा १९९७ चा, तेव्हा बर्वे अठरा वर्षांचे. पुढे सातशे पानांचं चित्रांकन, म्हणजे चित्रपटाची चौकट न् चौकट कागदावर. सात निर्मितीसंस्था आल्या आणि गेल्या. २०१२ साली सोहम शाहच्या पाठबळावर चित्रीकरण झालं, जोडून पाहिलं, मनास आलं नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रित केलं, ते २०१५ च्या मे महिन्यात संपलं. पडद्यावर यायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. सासवडच्या पुरंदरे वाड्यात पंकज कुमारचा कॅमेरा खऱ्या पावसाची वाट बघत बसला, म्हणून एकेक पावसाळा खर्ची पडत गेला.

आणि आजी? ती मोहम्मद समद या मुलाने साकारली. पांडुरंग हे त्याच चित्रपटातलं पोरगंही त्यानेच. रंगभूषेच्या थराखाली चेहरा हरवतो आणि शरीर तेवढं उरतं. लहान शरीरात म्हातारीचं वजन आणलं की डोळा गोंधळतो, आणि माझ्या मते तिथे भीती जन्मते. म्हातारी दिसते फार थोडी. मशालीच्या उजेडात, खाटेवर, अर्धवट. चित्रपटातला राक्षस हस्तरही बराच वेळ राखून ठेवला आहे. म्हणजे 'कधी दाखवायचं' याचं उत्तर बर्व्यांनी फार आधी, कागदावर, देऊन ठेवलं होतं. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला.

पण एक ठसठस राहतेच. हा चित्रपट हिंदीत आहे. आदित्य सरपोतदारचा 'मुंज्या' कोकणातलाच, तोही हिंदीत. मराठी भूत पोटापाण्यासाठी हिंदीत राबायला जातं आणि मराठी पडद्यासाठी मागे काय उरतं? 'झपाटलेला' उरतो, रामदास पाध्यांनी घडवलेल्या तात्या विंचूसकट. तो बाहुला आजही जिवंत आहे कारण त्याच्यामागे एका कारागिराचा आयुष्यभराचा हात होता. 'लपाछपी' उरतो, ज्यात विशाल फुरियाने उसाच्या फडालाच राक्षस केलं. फडाला रबर लागत नाही, शिंपी लागत नाही. 'झोंबिवली'ने डोंबिवलीकर रंगवून पळवले आणि मजा आणली. पण अंगातून दुसरं जनावर निघतंय असं मराठी शरीर पडद्यावर कुठे आहे? धारपांचे समर्थ आणि मतकरींची 'खेकडा' वाचून आपल्या दोन पिढ्या घाबरल्या. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांत धारप शिवण उसवलेल्या अवस्थेतच हाती पडत. वाचक होता, कथा होत्या. कमी पडली ती कार्यशाळा.

हे वऱ्हाडात बसून लिहिताना जरा जास्त बोचतं, कारण कच्चा माल इथे अंगणात पडला आहे. मेळघाटातले कोरकू वाघाला कुलामामा म्हणतात. मामा! युरोपातला लांडगा-माणूस शापित आहे, त्याला चांदीची गोळी घालून सोडवायचा असतो. मामाला कोण गोळी घालतो? तिथली गोष्ट इथे जशीच्या तशी आणली की ती धारणीच्या पुढे सरकायची नाही. नात्यातलं जनावर घरात आलं तर त्याला पाट द्यायचा की कुऱ्हाड उगारायची, असा पेच इथे उभा राहील.

ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर-नर्मदा मुलखातल्या वाघ होणाऱ्या माणसांवर एक अख्खं प्रकरण लिहून गेला. त्यातली एक हकिगत अशी: एक मुळी खाल्ली की माणूस वाघ होतो, दुसरी खाल्ली की परत माणूस. एकाला हौस आली. दुसरी मुळी त्याने बायकोच्या हाती दिली आणि सांगितलं, मी पालटलो की ही माझ्या तोंडात घाल. तो पालटला. बायको घाबरली आणि मुळी हातात धरून पळाली. नवरा वाघच राहिला.

सातपुड्याच्या पलीकडची ही गोष्ट अलीकडच्या चिखलदऱ्याला अगदी शोभेल. कीचकाला दरीत लोटल्याची कथा सांगणारं गाव, पावसाळ्यात हाताचा पंजा दिसू नये असं धुकं, जवळच गाविलगड. शिवाय 'कधी दाखवायचा' याचं आयतं उत्तर हकिगतीतच आहे: वाघ दाखवायचाच नाही, बायकोची मूठ दाखवायची. मुळी आहे, हात पुढे जात नाही. त्या बाईची भूमिका करणारी नटी खमकी मिळाली तर निर्मात्याचा रबराचा सगळा खर्च वाचेल.

ज्याला वाघ दाखवायचाच आहे त्याचीही सोय आहे. विदर्भात मोहरमला अंगभर पिवळा रंग थापून, काळे पट्टे ओढून ताशाच्या ठेक्यावर वाघ होणारी माणसं आपण लहानपणापासून पाहतो. खांदे झोकून ती ज्या तऱ्हेने चालतात ते कुठल्या अभिनयशाळेत शिकवत नाहीत. अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. मल्लखांबावर उलटं लटकून मान वळवणाऱ्या पोराला जनावराच्या पोशाखात घातलं तर अस्वल दिसणार नाही, याची हमी मी देतो. पण मुंबईच्या निर्मात्यांना वऱ्हाड आठवतं ते बाजार म्हणून. सी.पी.-बेरार हा प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षं होऊन गेली, तरी सिनेमाच्या धंद्यात हा मुलूख अजून त्याच नावाने विकला जातो आणि वितरकांची उलाढाल अमरावतीतून चालत आली. चित्रपट इथे येतो तो तयार होऊन. बनायला येत नाही.

बोलीचीही तीच गत. भारत गणेशपुऱ्यांनी वऱ्हाडी घराघरांत नेली, त्यांचे उपकारच आहेत. पण पडद्यावर 'काऊन बापा' ऐकलं की प्रेक्षक हसायला सावरून बसतो. त्याच बोलीत मध्यरात्री गोठ्याच्या दाराशी एखादी आजी दबक्या आवाजात 'दार नोको उघडू' म्हणाली तर अंगावर काटा येईल, हे करून पाहण्याची हिंमत एकाही पटकथेने केलेली मला दिसली नाही.

राहता राहिला खुद्द लांडगा. तो गर्द रानातला प्राणी नाहीच. अकोला, वाशीम, बुलडाण्याच्या माळरानावर, धनगरांच्या कळपामागे हिंडणारा, भुरकट, किडकिडीत आणि लाजरा. आपण त्या माळाला पडीक म्हणून टाकलं आणि तो सरकत गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, तेव्हा खरा लांडगा पकडून कॅमेऱ्यापुढे उभा करण्याचा प्रश्नच नाही. नकलीच करावा लागणार. आणि 'तुंबाड'ला पावसाने, अंधाराने जो आडोसा दिला तो इथे नाही. अकोल्याचा एप्रिल, पारा पंचेचाळिसाकडे, झाडाची सावली पायाखाली गोळा झालेली, चारी दिशांना मोकळं रान. या उजेडात शिवण दिसते, रबर दिसतं, संगणकाची लबाडी तर पहिल्या क्षणी उघडी पडते. दुपारी बारा वाजता, मैलभर सपाट माळावर, दूरवर एक माणूस उभा आहे आणि त्याची उभं राहण्याची ढब माणसाची नाही, असं एक दृश्य ज्या दिवशी कुणी चित्रित करील त्या दिवशी त्याला रंगभूषाकार रिक बेकरच्या तोडीचा लागेल, किंवा मग मल्लखांबावरचा एखादा पोरगा लागेल, रंगाचा थेंबही न लावलेला.