वेदीवरून काचेच्या कपाटात

सुटीत गोव्याला जाणारी आपली कित्येक कुटुंबे जुन्या गोव्यातील संत मोनिकाच्या मठात भरलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पाहून येतात. १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेले आणि २००२ मध्ये या मठात आलेले ते संग्रहालय पाहण्याजोगे आहे, यात शंका नाही. परंतु अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यातील धर्मग्रामस्थांपैकी किती जणांनी गोरेगावच्या संत पायस कॉलेजच्या आवारातील आपल्या महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय पाहिले असेल? आपल्याच पूर्वजांनी ज्यांच्यापुढे गुडघे टेकले, त्या वस्तू लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत.

२०११ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयाने मोठे काम केले आहे. चर्चच्या माळ्यावर वाळवीच्या आणि ओलीच्या तोंडी पडणाऱ्या मूर्ती, धर्मगुरूंचे जुने मिस्साचे पोषाख, चांदीची पात्रे यांना येथे आसरा मिळाला. अशा वस्तू पाहताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. नमुना युरोपचा असला, तरी लाकडावर किंवा हस्तिदंतावर चालणारा हात पुष्कळदा येथल्याच कारागिराचा होता. पोर्तुगीज काळातील हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’ बालयेशू डोळे मिटून असा बसलेला असतो, की पाहणाऱ्यास ध्यानस्थ बुद्धाची आठवण व्हावी. आपली श्रद्धा बोटीतून जशीच्या तशी उतरली नाही; तिला या मातीचा हात लागला, हे कोणत्याही प्रवचनापेक्षा अशी मूर्ती अधिक स्पष्टपणे सांगते.

तरीही आमचा एक आक्षेप आहे, आणि तो एकट्या गोरेगावपुरता नाही. वेदीवरची वस्तू काचेच्या कपाटात आली, की ती ‘कलाकृती’ होते. तिच्यापुढे नवस बोलणारी माणसे मात्र कपाटाबाहेर राहतात. ती माणसे पाहायची तर मार्वेची खाडी ओलांडून मनोरीला जावे लागते. तेथे ईस्ट इंडियन समाजाने स्वतः उभारलेल्या मोबाई भवनात लुगडी, भांडी आणि शेतीची अवजारे जतन केली आहेत. सोन्याचांदीच्या तुलनेत त्यांचे मोल नगण्य. पण आजीच्या संसाराची ओळख नातीला तेथेच पटते.

म्हणजे वेदी गोरेगावला आणि चूल मनोरीला, अशी आपल्या इतिहासाची वाटणी झाली आहे. प्रत्यक्षात त्या दोन्ही एकाच घराच्या होत्या. आगेराच्या सणाला ज्या विळ्याने भाताची पहिली कणसे कापली, ती कणसे आशीर्वादासाठी त्याच वेदीपुढे नेली जात. विळा एकीकडे आणि मिस्साचा प्याला दुसरीकडे पाहणाऱ्या मुलाला हा धागा कोण दाखवणार?

शिवाय काही इतिहास कपाटात मावतच नाही. अंधेरीच्या सीप्झच्या आवारात संत जॉन बाप्तिस्ता यांचे १५७९ चे चर्च भग्नावस्थेत उभे आहे. १८४० मध्ये साथीमुळे लोक मरोळला गेले. मूर्ती व उपासनेच्या वस्तूही त्यांच्याबरोबर गेल्या. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत नटराजाचे शिल्प आहे, एका भिंतीवर कोरलेला क्रूस आहे, आणि वर फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष आहेत. तो क्रूस मूळचे शैव कोरीव काम छिलून उमटला. ही भिंत आपल्याला अभिमानाबरोबर संकोचही देते. आमच्या मते दोन्ही मुलांना सांगितले पाहिजेत.

आयर्लंडमधील मोनॅहन या लहानशा काउंटीने १९७४ मध्ये स्वतःचे संग्रहालय काढले, आणि १९८० मध्ये त्याला युरोप परिषदेचे संग्रहालय पारितोषिक लाभले. क्लोहर धर्मप्रांताच्या नावाने ओळखला जाणारा मध्ययुगीन मिरवणुकीचा क्रूस तेथे आहे. तो राजधानी डब्लिनला गेला नाही, आपल्या माणसांजवळ राहिला. वस्तूला आपले गाव लाभले, तर तिची गोष्टही टिकते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे गावठाणांतील जुनी घरे पाडून इमारती उठत आहेत. घरातली लाकडी वेदी, पाटा, मुसळ, लग्नाची छायाचित्रे नव्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत आणि भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात. संग्रहालयाने सारे सांभाळावे, ही अपेक्षा गैर आहे. पण प्रत्येक धर्मग्रामाने एक वही घालावी: वस्तू कोणती, कोणत्या घरातली, तिला घरात काय म्हणत, तिच्यापुढे कोणती प्रार्थना होई. हे सांगू शकणारे वडीलधारे अजून आपल्यात आहेत. वस्तू कालांतराने विकतही मिळेल. तिचे घरातले नाव एकदा विसरले, की ते कोणत्याही कपाटात सापडणार नाही.