विपणनातील मनधरणी आणि ग्राहकाचे गृहीत चित्र: चाल्डिनी यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

विपणनाच्या अध्यापनात रॉबर्ट चाल्डिनी यांच्या ‘इन्फ्लुएन्स’ (१९८४) या ग्रंथाला जवळजवळ प्रमाणग्रंथाचे स्थान आहे. परतफेड, बांधिलकी व सातत्य, सामाजिक दाखला, आवड, अधिकार आणि दुर्मिळता ही त्यातील सहा तत्त्वे सर्वपरिचित आहेत. २०२१ च्या विस्तारित आवृत्तीत ‘ऐक्य’ या सातव्या तत्त्वाची भर पडली. या तत्त्वांमागे ग्राहकाविषयीचे कोणते गृहीतक उभे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रंथाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातील या समाजमानसशास्त्रज्ञाने केवळ प्रयोगशाळेवर विसंबून न राहता सुमारे तीन वर्षे विक्रेते, निधिसंकलक व जाहिरातदार यांच्या प्रशिक्षणवर्गांत ओळख लपवून प्रवेश मिळविला. विक्रीची कला तिच्या कारागिरांकडूनच समजून घेण्याची ही वृत्ती आपल्याकडील वाणिज्य संशोधनात, जेथे प्रश्नावली वाटून टक्केवारी काढली की प्रबंध सिद्ध होतो, दुर्मिळच म्हणावी लागेल.

अडचण आहे ती ग्रंथातील मूळ उपमेची. टर्की पक्षीण पिलाचा ठरावीक आवाज ऐकताच त्याला पंखाखाली घेते. तोच मुद्रित आवाज भुसा भरलेल्या शत्रूप्राण्यातून आला तर त्यालाही घेते. माणूसही असाच कळ दाबताच वागतो, असे चाल्डिनी सुचवितात. परतफेडीच्या तत्त्वासाठी ते डेनिस रीगन यांचा १९७१ चा प्रयोग सांगतात: सहभागी विद्यार्थ्याला न मागता कोका-कोलाची बाटली आणून दिली गेली आणि नंतर सोडतीची तिकिटे घेण्याची विनंती करण्यात आली, तेव्हा बाटली मिळालेल्यांनी अधिक तिकिटे घेतली. निष्कर्ष रंजक आहे. परंतु ही दोन अनोळखी व्यक्तींची एकदाच होणारी भेट आहे. आपल्याकडील भाजीवाली मूठभर कोथिंबीर पिशवीत वर टाकते, तेव्हाही परतफेडीची अपेक्षा असतेच. मात्र ती उद्या, परवा, वर्षानुवर्षे चालणाऱ्या संबंधातली असते आणि दोघींनाही ती ठाऊक असते. येथे कोणी कोणाला फसवीत नाही. हळदीकुंकवाचे वाण, लग्नातील आहेर, किराणा दुकानातील उधारीची वही यांतील देवघेव ‘कळ’ या शब्दात मावत नाही. मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्येच भेटवस्तूचे बंधन हे समाजव्यवस्थेचे अंग म्हणून मांडले होते. चाल्डिनी परतफेडीची सामाजिक मुळे नाकारीत नाहीत, पण त्यांच्या विवेचनाचा भर प्रतिक्षिप्त वर्तनावर राहतो. अमेरिकेतील विमानतळांवर हरे कृष्ण पंथाचे अनुयायी प्रवाशाच्या हाती फूल देऊन देणगी मागत, हा त्यांचा प्रसिद्ध दाखला. फूल आणि दक्षिणा यांचे नाते आपल्या वाचकाला नवे नाही. फरक इतकाच की देवळात जाणारा स्वतःच्या पायांनी जातो.

दुसरा आक्षेप भारतीय जाहिरातीच्या इतिहासातून पुढे येतो. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या निरमा पावडरची किंमत सर्फच्या किमतीच्या एक-तृतीयांशाहून कमी होती. त्या आव्हानाला उत्तर म्हणून ऐंशीच्या दशकात लिंटास संस्थेतील अ‍ॅलिक पदमसी यांनी ‘ललिताजी’ उभी केली. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली. ही गृहिणी कोणाच्या भेटीने ओशाळत नाही, गर्दी पाहून खरेदी करीत नाही, माल संपेल म्हणून घाबरत नाही. ती घासाघीस करते, हिशेब मांडते आणि स्वस्त व किफायतशीर यांत भेद करते. येथे मनधरणी तर्काला बगल देऊन होत नाही; तर्क करण्याचा अभिमान गोंजारून होते. तिच्यात अधिकार वा आवड ही तत्त्वे शोधता येतील, पण तसे केल्यास सहा तत्त्वे कशालाही लावता येतात आणि मग त्यांचे स्पष्टीकरणमूल्य कितीसे उरते? ‘शहाणी ग्राहक’ ही प्रतिमाच येथे विकली गेली, आणि तिचा संबंध मध्यमवर्गीय प्रतिष्ठेशी आहे. तो वर्गीय संदर्भ टर्कीच्या उपमेतून सुटतो.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस चाल्डिनी ‘नकार कसा द्यावा’ हे सांगतात. उपसंहारात खोटे पुरावे उभे करणाऱ्यांवर बहिष्कार व निषेधही सुचवितात. तरीही बचावाचा मुख्य भार एकट्या ग्राहकावर पडतो. ज्याचे वर्तन स्वयंचलित आहे असे आरंभी सांगितले, त्यानेच ऐनवेळी सावध व्हावे ही अपेक्षा विसंगत आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘दोनच खोल्या शिल्लक’ ही अक्षरे आणि उलटा चालणारा घड्याळाचा काटा दिसतो, तेव्हा विक्रेता समोर नसतो. नकार देण्यासाठी चेहराच नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या रचना नमूद आहेत. खोटी घाई, खरेदीच्या यादीत न मागितलेली वस्तू गुपचूप घालणे आणि नकार देणाऱ्याला लाजविणारी वाक्यरचना यांचा त्यात समावेश आहे. त्यातील पहिली म्हणजे दुर्मिळतेच्याच तत्त्वाचा खोटा वापर.

वर्गात ‘दुर्मिळता’ शिकविताना हा १३ रचनांचा तक्ता विद्यार्थ्यांसमोर ठेवून, त्यांनी स्वतः वापरलेल्या संकेतस्थळांवर त्या शोधावयास सांगणे हा एका तासिकेचा उपक्रम आहे. ‘विक्री कशी वाढवावी’ एवढ्याच प्रश्नावर गुण देणाऱ्या प्रश्नपत्रिकेत मात्र त्या उपक्रमाला आज जागा नाही, आणि प्रश्नपत्रिका काढणारे आपणच आहोत.