फळीवर चढणारी मोळी

दिवाळी उलटली की साखरपट्ट्यातल्या कुठल्याही फडाच्या कडेला एखादा ट्रक उभा दिसतो. मागे एक फळी टेकवलेली असते आणि तिच्यावरून डोक्यावर उसाची मोळी घेऊन माणसं एकामागून एक वर चढत असतात. यातली बरीचशी माणसं बीड जिल्ह्यातली: पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज. मुकादमाची उचल घेऊन पाच-सहा महिन्यांसाठी गाव सोडून आलेली. वजन उचलण्याची कला ज्याला बघायची आहे त्याने व्यायामशाळेतल्या आरशासमोर उभं राहण्याऐवजी तासभर इथे उभं राहावं, असं माझं मत आहे.

हे लिहिताना मन कचरतं. कष्टाचं कौतुक करायचं आणि कष्टकऱ्याला होता तिथेच ठेवायचं, ही आपली जुनी खोड. पण त्या भीतीने कसबाकडे पाठ फिरवली, तर हे नुसतं अंगमेहनतीचं, बिनडोक काम आहे या समजाला आपणच दुजोरा देतो. म्हणून आधी कसब बघू, बाकीचं मागाहून.

उचलणं सुरू होतं ते मोळी बांधताना. बहुतेक जोड्यांत पुरुष कोयत्याने बुडख्यापासून ऊस तोडतो. पाचट काढून, वाढे छाटून मोळी बांधायचं काम बाईकडे असतं. मोळीचं वजन तीस-चाळीस किलो. ऊस बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता, त्यामुळे मोळीचा तोल लांबीच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा बुडख्यांकडे असतो. बाईचं डोकं नेमकं त्या जागी जातं. पट्टी लावून कुणी मोजलेलं नसतं. बंद आवळतानाच हाताला वजन कळलेलं असतं. तोल वीतभर चुकला तर पुढची सगळी वाट मानेला तो सावरत जावं लागतं, आणि मान ही वजन सावरण्यासाठी शरीरातली सगळ्यात महागडी जागा आहे.

मग उठणं. मोळी डोक्यावर घेताना जोडीदार हात लावतो, पण उठायचं आपणच. पाठ ताठ आणि ताकद मांड्यांतून. एकदा उभं राहिलं की डोकं, मणका, कंबर आणि टाच एका ओळीत येतात. वजन हाडांवरून जमिनीत उतरतं आणि स्नायूंकडे फक्त राखणीचं काम उरतं. १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात पूर्व आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक अभ्यास छापून आला होता. शरीराच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या डोक्यावरून जवळजवळ जादा श्रमाशिवाय नेत, असं त्यात दिसलं. आता हिशेब करा. पन्नास किलोच्या बाईला वीस टक्के म्हणजे दहा किलो. मोळी त्याच्या तिप्पट-चौपट. शिवाय तो अभ्यास सपाटीवरचा, आणि इथे पुढे फळी आहे.

फळीवरची चाल मी पुन्हा पुन्हा बघत राहतो. लाकूड पावलागणिक लवतं आणि उसळतं. नवखा माणूस त्या उसळीशी भांडतो, डुलतो, मध्येच थांबतो, आणि थांबला की संपलं. जाणती बाई फळीची उसळी पावलात घेते. लाकूड वर येत असताना तिचं पाऊल पडतं, म्हणून तिच्या चढण्यात धक्का दिसत नाही. डोक्यावरच्या मोळीचे शेंडे तेवढे किंचित हलत असतात. वर पोचल्यावर मोळी फेकायची नाही. मान जराशी कलते, मोळी आपल्याच वजनाने घसरते आणि बाई तिच्याखालून बाजूला होते. सगळ्या क्रियेत हातांना काम सर्वांत कमी. दंड बघून ताकद जोखणाऱ्यांनी हे बघायला हवं.

हाच गुण मला अस्सल वेटलिफ्टिंगमध्ये दिसतो. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धा, पुरुषांचा ५५ किलो गट. सांगलीत पानटपरी आणि चहाचा गाडा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा संकेत सरगर. स्नॅचमध्ये त्याने १०७, १११ आणि ११३ किलो असे तिन्ही प्रयत्न साधले. ११३ म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. एवढं वजन हातांनी डोक्यावर नेता येत नाही, कुणालाच. मांड्या आणि कंबर बारला एक उसळी देतात आणि ती संपायच्या आत लिफ्टर स्वतःच खाली जाऊन बारखाली बसतो. बार अंगाला जवळजवळ घासत जातो. जितका लांब गेला तितका जड होतो. तोल, रेघ आणि वेळ, फळीवर होते तेच तीन. क्लीन अँड जर्कमध्ये त्याने १३५ उचलले, १३९ च्या प्रयत्नात कोपर दुखावलं, आणि तसल्या हाताने तो पुन्हा १३९ वर गेला. नाही झालं. एकूण २४८. मलेशियाच्या अनिक कसदानचे २४९. एका किलोने सुवर्ण हुकलं. तरी त्या शेवटच्या प्रयत्नापेक्षा ११३ ची स्नॅच मला श्रेष्ठ वाटते. जिद्दीचं कौतुक कुणीही करतं. त्या स्नॅचमध्ये कारागिरी होती.

आता मागाहून म्हटलेलं. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते, म्हणजे पन्नास-साठ मोळ्या. वरवर वाटेल की एवढं वजन वाहणाऱ्याचं शरीर पोलादी व्हायला हवं. तसं होत नाही. हंगाम संपता संपता माणसं रोड होऊन परततात. कंबर, मान आणि गुडघे धरलेले असतात. यावर सरळ उत्तर दिलं जातं की ओझं फार होतं. मला ते पुरेसं वाटत नाही. कसलेल्या वेटलिफ्टरच्या एका दिवसाच्या सरावाची बेरीज केली तर तीही काही टन भरते. बेरीज दोघांची जवळपास, निकाल मात्र उलटा.

कारण स्नायू वजनाखाली वाढत नाही, वजन खाली ठेवल्यावर वाढतो. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी मज्जासंस्थेची असते: आहे तोच स्नायू जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकतो. ते शिक्षण मोळी वाहणारीलाही मिळतं, तिचं कसब त्यातूनच येतं. खुद्द स्नायू भरायला मात्र ताणानंतर एक-दोन दिवसांची उसंत लागते, पुरेशी झोप लागते आणि प्रथिनं लागतात. ताकद कमावणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं अभ्यासक सांगतात. पन्नास किलोच्या बाईला ऐंशी ग्रॅम. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात दहा-अकरा ग्रॅम असतात. भाकरी आणि ठेच्यावर ऐंशीचा आकडा गाठायचा तर दिवसाला सात-आठ भाकरी खाव्या लागतील, आणि त्या थापायलाही तिलाच पहाटे उठावं लागेल.

बीडला हे गणित माहीत नाही असं नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेने ते आयुष्यभर पाळलं. घरात वडिलांची कुस्ती, पुढे पुण्यात रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांची तालीम. २०१८ साली गोल्ड कोस्टला ५७ किलो गटात राष्ट्रकुल सुवर्ण, अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीवर १५-७ अशी मात; २०१९ ला नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. तालमीतली मेहनत फडापेक्षा हलकी नसते. कुदळीने हौदा खणायचा, जोर-बैठका मारायच्या, दोर चढायचा, लढती करायच्या. पण मेहनत संपली की दूध-बदाम आहे, मालीश आहे, आणि दुपारची झोप आहे. पैलवान दुपारी झोपतो याची गावात चेष्टा होते. वस्तादाला विचारा, झोप चुकवणाऱ्या पोराला तो जोर चुकवणाऱ्याइतकंच झापतो.

फडावर विसाव्याला दुसरं नाव आहे: खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही की मुकादम पैसे कापतो. पाळीच्या दिवसांतला खाडा टाळण्यासाठी बीडमधल्या किती बायकांनी गर्भाशयच काढून टाकलं, हे २०१९ साली साऱ्या देशाने वाचलं. राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्या अंगात तोल, रेघ आणि वेळ यांचं एवढं बारीक ज्ञान साठलेलं आहे, त्या अंगाशी आपला व्यवहार हा असा आहे.

ऊसतोडणी यंत्रं येत आहेत, आणि उद्या फळीच राहिली नाही तर मला हळहळ वाटणार नाही. कसब जपण्यासाठी कुणाची मान झिजू नये. पण यंत्र प्रत्येक फडात पोचेपर्यंत बरेच हंगाम जातील. तोवर कारखान्यांनी आणि साखर संघाने तीन साध्या गोष्टी कराव्यात: फळीचा चढ कमी करावा, मोळी पंचवीस किलोंच्या आत बांधू द्यावी, आणि आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी देऊन खाडा बंद करावा.