उकिडवा बसलेला माणूस कुठल्या पुस्तकात आहे?

माणूस काढायला शिकणाऱ्याने शरीररचनेसाठी संदर्भ कुठला धरावा, हा आजचा विषय. चित्रकलेच्या वर्गात हा प्रश्न हमखास निघतो आणि उत्तर म्हणून पुस्तकांची यादी मिळते. यादी आम्हीही देऊ. पण डिंभ्यात, घोड नदीच्या खोऱ्यात बोलताना यादीच्या आधी कसोटी ठरवलेली बरी. इथला माणूस आवणीच्या चिखलात कमरेत वाकतो, पडकईच्या बांधाला दगड लावतो, जलाशयातून जाळं ओढतो आणि दमला की उकिडवा बसतो. ज्या संदर्भाच्या आधाराने हा माणूस नीट काढता येईल, तो आपल्यासाठी चांगला संदर्भ. आता नावाजलेली पुस्तकं या कसोटीला लावून बघू.

पहिलं अर्थातच ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’. लंडन, १८५८. मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. पुस्तक बाहेर पडलं त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. पुढे साताऱ्यात ते सिव्हिल सर्जन होते. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शरीरचित्रांचा कर्ता आपल्याच मुलखात वावरला. त्यांच्या चित्रांची मोठी खुबी अशी, की स्नायूचं नाव त्या स्नायूवरच लिहिलेलं असतं. बाण शोधत बसावं लागत नाही. पण ही चित्रं विच्छेदनाच्या टेबलावरच्या प्रेतांवरून काढलेली आहेत. प्रेत आडवं असतं. त्याचा कुठलाही स्नायू ताणलेला नसतो, कुठल्याही पायावर भार नसतो. कुठलं हाड कुठं जुळतं हे कार्टर चोख सांगतात. जाळं ओढताना पाठ कशी दिसते हे त्यांना विचारू नये. शब्दकोश आपण अर्थ बघायला उघडतो, बोलायचं कसं ते माणसांत राहून शिकतो. या पुस्तकाचा उपयोग तेवढाच, आणि तेवढा फार मोठा आहे.

दुसरे अँड्र्यू लूमिस. शिकागोत जाहिरातींची चित्रं काढणारे. त्यांचं आकृतिरेखनाचं पुस्तक १९४३ सालचं, आजही मुलं त्यावरूनच शिकतात. समजावण्याची हातोटी उत्तम. पण त्यांचा आदर्श पुरुष आठ डोकी उंच आहे. साधा माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास भरतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. जाहिरातीत देखणेपण हवं म्हणून उंची वाढली. आपल्या परंपरेतही असं आहेच. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात हंस पुरुष १०८ अंगुळांचा, म्हणजे नऊ ताल. इथं एक सावधगिरी हवी: ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत. ते अख्खं डोकं नव्हे. नऊ ताल वाचून कुणी नऊ डोकी मोजली, तर आकृती ताडमाड होणार. दोन्ही प्रमाणं अभ्यासाला चांगली आहेत. पण एक जाहिरातीसाठी, दुसरं मूर्तीसाठी. शेतावरच्या म्हाताऱ्यासाठी दोन्ही नव्हेत.

तिसरे गॉटफ्रीड बामेस, ड्रेस्डेनच्या कला अकादमीतले शिक्षक. आमच्या मते या तिघांत कसोटीला सर्वांत जवळ तेच येतात. कारण ते स्नायूंची नावं पाठ करायला लावत नाहीत. सांधा कसा वळतो, वजन कुठल्या पायावर पडतं, वजन सरकलं की कंबर कुठं कलते, हे साध्या ठोकळ्यांतून दाखवतात. भार कळला की वाकलेला माणूसही कळतो.

आता उकिडव्या बसण्याकडे या. ही नुसती सवय नाही, ती हाडापर्यंत पोचते. लाहोरला शरीररचना शिकवणारे हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर एक निबंध लिहिला. सतत उकिडवं बसणाऱ्यांच्या घोट्याच्या हाडांवर घासून झालेल्या जादा गुळगुळीत जागा सापडतात, असं त्यांनी दाखवलं. मग बघा, खुर्चीवर वाढलेल्या माणसाचा आराखडा जसाच्या तसा इथं कसा चालेल? उकिडवं बसताना टाच जमिनीला टेकलेली राहते, पोटरी मांडीखाली दाबून बाजूला फुगते, पाठ गोल होते, काखा गुडघ्यांवर येतात. चित्रात टाच उचललेली दिसली, की तो माणूस आत्ता पडेल असं वाटतं.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात हेच होतं. पोराने रोज आवणी पाहिलेली असते, पण कागदावर येतो तो व्यायामशाळेतल्या फोटोतला खांदा. त्याला डोळे कमी नसतात. आपल्या आईची वाकलेली पाठ हा चित्राचा संदर्भ असू शकतो, असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आमची खरी तक्रार आहे ती इथं.

आणि हे सांगणारे लोक मराठीत होऊन गेलेत. रावबहादूर धुरंधरांची रेखाटनं बघा. अंगभर कपडे आहेत, शरीररचनेचं पुस्तक म्हणून कुणी ती उघडणार नाही. पण नऊवारीच्या कासोट्याची घडी गुडघा कुठं आहे ते बिनचूक सांगते. उणीव अशी, की त्यांच्या बायका बहुधा नीटनेटक्या, थकवा फारसा दिसत नाही. थकवा आणि वजन बघायचं तर अलिबागजवळ सासवन्याला विनायकराव करमरकरांच्या शिल्पांकडे जावं. कोळी बायका, गावातली माणसं, म्हैससुद्धा. शिल्पाभोवती फिरता येतं. समोरून न उमगलेला खांदा मागून उमगतो. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

तेव्हा आमची शिफारस अशी. हाड-सांधा अडला तर कार्टर. भार समजायला बामेस. प्रमाणाचा अंदाज घ्यायला लूमिस, पण मोजपट्टी म्हणून नव्हे. आणि रोज दहा मिनिटांची दहा रेखाटनं, समोरच्या माणसावरून. मोबाइलवर फोटो काढायचा तर आधी विचारा, “मावशी, काढू का?” त्या नको म्हणाल्या तर नको. चिखलात वाकलेली बाई कुणाचा फुकटचा नमुना नाही. रेखाटन झालं की त्यांनाच दाखवा. मूठ अशी नाही धरत बाबा, रोप अंगठ्याने दाबतात, असं त्या लगेच सांगतील. त्यांची ती दुरुस्ती वहीच्या पानावर, तारखेसकट लिहून ठेवा.