हळर्णच्या तटाकडेने

गोव्यात किल्ला पाहायचा म्हटले की पावले शापोऱ्याकडे वळतात. ‘दिल चाहता है’मधले (२००१) तीन मित्र त्या तटावर बसून समुद्र पाहत राहिले आणि तेव्हापासून तिथे सूर्यास्ताला बसायला जागा मिळणे कठीण. पेडण्यातल्या तेरेखोलच्या किल्ल्याचे तर हॉटेल झाले. शापोरा नदीच्याच काठाने आत, वरच्या अंगाला गेले की उजव्या तीरावर हळर्णचा किल्ला लागतो. इथून समुद्र दिसत नाही. त्याच्या एकांताचे कारण मला तरी एवढेच वाटते.

सह्याद्रीतल्या गडांना सरावलेला माणूस इथे आधी हिरमुसतो. दमवणारी चढण नाही, गाठायचा माथा नाही. गड उंचावरून मुलूख न्याहाळतो. हा नदीशी वाट अडवून बसलेला. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांनी तो बांधला तेव्हा त्यांची नजर पाण्यावर असणार. म्हणून तो समजून घ्यायचा तर खंदक एका बाजूला ठेवून तटाच्या कडेने सावकाश चालावे. आत शिरण्याची घाई करू नये.

सगळे बांधकाम जांभ्याचे. हा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा-ऊन खाऊन टणक होतो. बारीक नक्षी त्याला मानवत नाही, त्यामुळे तटाचे सौंदर्य आहे ते थरांत, बुरुजाच्या वळणात आणि चिऱ्याच्या भोकाभोकांत धरलेल्या शेवाळात. पावसाळ्यात हिरवा, मे महिन्यात गंजलेल्या लोखंडासारखा. अलीकडे डागडुजी झाली आहे. नवा चिरा जुन्यात मुरायला चार पावसाळे जावे लागतात. मला ते खटकत नाही. झाडामुळांनी उकललेला तट काव्यमय दिसतो खरा, पण तो टिकत नाही.

५ मे १७४६ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हा किल्ला घेतला. पाठोपाठ डिचोली घेतली, त्याच वर्षी तेरेखोलही. या व्हाइसरॉयची आधीची पदवी कास्तेलो नोव्होचा मार्केस. विजयाबद्दल राजाने ती बदलून त्याला आलोर्नाचा, म्हणजे आपल्या हळर्णचा, मार्केस केले. गंमत पुढेच आहे. किल्ला काही वर्षांनी भोसल्यांकडे परत गेला, पेडणे महाल पोर्तुगीजांना कायमचा मिळाला तो १७८८मध्ये. पण पदवी मधल्या काळातही लिस्बनमध्ये सुखाने नांदत होती. जमीन सोडली, नाव सोडले नाही!

या व्हाइसरॉयची नात लिओनोर पोर्तुगीज साहित्यात ‘आलोर्नाची मार्केझा’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्या कवितेत हळर्णचा तट शोधण्यात अर्थ नाही. तिला ठाऊक असलेल्या भिंती वेगळ्या. आईचे घराणे ताव्होरा, राजावरच्या हल्ल्याच्या आरोपात उद्ध्वस्त झालेले. त्यापायी ही मुलगी वयाच्या आठव्या वर्षापासून १७७७पर्यंत लिस्बनजवळच्या एका मठात कोंडलेली होती. पदवी तिच्याकडे आली ती भावाच्या मृत्यूनंतर. तो नेपोलियनच्या फौजेतल्या पोर्तुगीज तुकडीचा सेनापती, रशियाच्या मोहिमेनंतर १८१३मध्ये कोनिग्सबर्गला वारला. मायदेशी त्याच्यावर देशद्रोहाचा शिक्का बसला होता. तो पुसून पेडण्यातल्या या गावाचे नाव पुन्हा निष्कलंक व्हावे म्हणून ती म्हातारपणी दरबाराशी झगडत राहिली.