वाइन : लिनक्सच्या घरी विंडोजचे खेळ

परीक्षणासाठी आमच्याकडे सहसा पुस्तक येते. या वेळी आम्ही एका आज्ञावलीचे परीक्षण करीत आहोत. कारण घडले ते असे. मालवण किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत दहा-बारा जुने संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. शाळेतली यंत्रे त्याच्या आधीची. पण खारी हवा खाऊनही ती धडधाकट होती. भंगारात काढायची की त्यांवर लिनक्स बसवायचे, एवढाच प्रश्न उरला. लिनक्स बसले, आणि नववीतल्या एका मुलाने पहिल्याच तासाला निकाल दिला : "सरानू, ह्येच्यार गेम चालणत नाय, मगे हो कंप्युटर कसलो?"

वर्ग हसला. आम्हांला मात्र त्या मुलाची तक्रार रास्त वाटली. महाराष्ट्रातल्या एका पिढीला संगणक म्हणजे विंडोज असेच शिकवले गेले. एमएस-सीआयटीचे वर्ग असोत की क्लासच्या मधल्या सुट्टीत चोरून खेळलेले रोड रॅश आणि एज ऑफ एम्पायर्स. लिनक्सचे समर्थक या तक्रारीला "खेळायचे कशाला?" असे उत्तर देतात. ते उत्तर नव्हे. खरे उत्तर देण्याचा प्रयत्न करणाऱ्या आज्ञावलीचे नाव वाइन. (शाळेत हे नाव उच्चारताना शिक्षकांची पंचाईत होते, ती आम्ही पाहिली. नावाचा विस्तार ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ असा आहे, म्हणजे वाइन हे दुसऱ्या यंत्राचे सोंग नाही.)

हे ‘सोंग नाही’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. खेळाची फाइल म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांची लांबलचक रांग. प्रोसेसर तोच असल्याने बेरीज-वजाबाकीच्या सूचना लिनक्सच्या संगणकातही जशाच्या तशा चालतात. अडते ते दुसरीकडे. फाइल उघडणे, पडद्यावर चौकट काढणे, आवाज काढणे ही कामे खेळ स्वतः करीत नाही. प्रणालीला ठराविक नावाने हाक मारून करवून घेतो. विंडोजमधली ही नावे लिनक्सला ठाऊक नसतात. वाइन मध्ये उभे राहून प्रत्येक हाकेला ओ देते आणि तेच काम लिनक्सकडून करवून घेते. चतुर्थीला मुंबईहून आलेला नातू मुंबईच्या शब्दांत काही मागतो, आजी ते समजून घेऊन वस्तू हातात ठेवते. नातवाला मालवणी शिकावी लागत नाही. याउलट डॉसबॉक्ससारखी आज्ञावली जुन्या संगणकाचा प्रोसेसरसुद्धा नकलेने उभा करते. नातवासाठी परसात अख्खी चाळ बांधण्यासारखेच ते.

काम ऐकायला सोपे, करायला किचकट. एक लहानसे उदाहरण घ्या. फाइलच्या नावातली रोमन मोठी आणि लहान अक्षरे विंडोज एकच मानते, लिनक्स वेगळी मानते. त्यामुळे खेळाने मागितलेली फाइल त्याच नावाने सापडली नाही, तर वाइनला सगळा कप्पा धुंडाळून जुळणारे नाव शोधावे लागते. देवनागरीत लिहिणाऱ्यांना हा घोळ मुळातच परका. अशा हाका हजारो आहेत. १९९३ साली विंडोज ३.१ चे कार्यक्रम चालवण्याच्या हेतूने काम सुरू झाले, १९९४ पासून अलेक्झांद्र जुलियार यांनी धुरा वाहिली आणि १.० ही आवृत्ती निघाली जून २००८ मध्ये. पंधरा वर्षे!

या पंधरा वर्षांतले कष्ट कशाचे होते, ते विज्ञानशिक्षकांनी अवश्य पाहावे. विंडोजची मूळ आज्ञावली बंद पेटीत आहे, आणि ती कुठून हाती लागली तरी वाइनच्या कार्यकर्त्यांनी ती पाहायची नाही असा त्यांचा दंडक आहे. मग हाकेला नेमके काय उत्तर द्यायचे हे कळावे कसे? लहान लहान चाचण्या लिहायच्या, त्या खऱ्या विंडोजवर चालवायच्या, उत्तर टिपून घ्यायचे आणि वाइनने तेच उत्तर द्यावे अशी व्यवस्था करायची. विंडोजचे उत्तर चुकीचे असेल तर तीच चूक करायची! आमच्या किनाऱ्यावरचा रापणकर तिथीवरून उधाणाची भरती कधी आणि भांगाची कधी हे सांगतो. त्यासाठी त्याला न्यूटनची समीकरणे लागत नाहीत. वाइनचे ज्ञान त्या जातीचे आहे, फक्त त्याची नोंदवही फार काटेकोर आहे.

हे वर्गात करून पाहता येते. वाइनसोबत सुरुंग शोधण्याचा एक खेळ येतो. तो वाइनच्या कार्यकर्त्यांनी स्वतः लिहिलेला आहे. सोप्या पातळीवर ८१ घरे आणि १० सुरुंग. मुलांना आम्ही सांगितले की फक्त पहिले घर उघडा आणि सुरुंग फुटला का ते लिहा. चाळीस डावांत एकदाही फुटला नाही. सुरुंग आधीच यदृच्छेने पेरलेले असतील तर एका डावात वाचण्याची शक्यता ७१/८१. चाळीस वेळा ओळीने वाचण्याची शक्यता हाच अपूर्णांक चाळीस वेळा गुणून येते, म्हणजे सुमारे दोनशेत एक. तेव्हा कोणीतरी पहिल्या घराला अभय दिले आहे, असे मानणेच शहाणपणाचे.

विंडोज एक्सपीमधला मूळ खेळही हे अभय देतो, पण त्याची युक्ती वेगळी. तिथे सुरुंग आधी पेरतात आणि पहिल्याच घरात सुरुंग निघाला तर तो गुपचूप डाव्या वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात. मग त्या कोपऱ्यात सुरुंग असण्याची शक्यता, पहिले घर दुसरीकडे उघडले असेल तर, १०/८१ न राहता १०/८१ + (७१/८१ × १०/८०), म्हणजे शंभरात सुमारे तेवीस होते. जवळजवळ दुप्पट. आता शाळेच्या जुन्या तबकडीवरचा एक्सपीचा खेळ वाइनमध्ये चालवा. कोपरा तसाच जड राहील, कारण खेळ मूळचाच आहे, वाइन फक्त हाकांना ओ देत आहे. अनुवाद आणि नक्कल यांतला फरक याहून स्वस्तात शिकवता येईल असे वाटत नाही.

जुन्या कार्यक्रमांच्या बाबतीत तर वाइन विंडोजलाही मागे टाकते. विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिट कार्यक्रम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. ६४-बिट लिनक्सवर वाइनमधून त्यांतले बरेच चालतात. शाळांच्या कपाटांत पडलेल्या शैक्षणिक तबकड्यांचे भाग्य त्यामुळे उजळू शकते.

आता उणिवा. नव्या खेळांसाठी व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारलेले प्रोटॉन आणले, आणि २०२२ साली आलेला तिचा स्टीम डेक हा हातातला खेळसंच त्यावरच उभा आहे. त्याची स्तुती ऐकून शाळेच्या संगणकाकडून तशीच अपेक्षा करू नये. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग विंडोजच्या चित्र-आज्ञा व्हल्कन या पद्धतीत उतरवतो. २०२२ पासूनच्या त्याच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते, आणि आमच्या जुन्या यंत्रांतल्या चित्रचिपांना ते जमत नाही. तिथे साध्या वाइनच्या संथ मार्गावरच भागवावे लागते. शिवाय काही बिघडले की वाइन ‘फिक्समी’ने सुरू होणाऱ्या ओळींचा असा भडिमार करते की शिक्षक हात जोडतात. ज्याला कळते त्याच्यासाठीच लिहिलेले हे संदेश आहेत, आणि तीस वर्षांनंतर ही सबब पटत नाही. आणखी एक सावधगिरी : वाइन विंडोजचे इतके चोख काम करते की पेनड्राइव्हमधले काही विषाणूही त्यात चालू शकतात, आणि मूळ रचनेत ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून लिनक्सचा सगळा फाइल-वृक्ष समोर उघडा असतो. वापरणाऱ्याला ज्या फाइली बदलता येतात, त्या विषाणूलाही येतात.

मोठी उणीव मात्र वाइनच्या हातातली नाही. फसवणूक रोखण्यासाठी काही खेळ प्रणालीच्या गाभ्यात शिरून पहारा बसवतात. वाइन गाभ्याच्या बाहेर काम करते, म्हणून व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालत होता. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीनेच लिनक्सचे दार बंद केले. रॉकेट लीगची तर लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती होती. मार्च २०२० मध्ये तिला पाठबळ देणे थांबले आणि खेळाडूंना वाइन-प्रोटॉनकडे बोट दाखवण्यात आले. अनुवादक चांगला मिळाला की मूळ लेखक आपल्या भाषेत लिहायचे सोडतो, ही भीती आम्हांला खरी वाटते. दुसरी वाटही आहे. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट या वाडीच्या शाळेत मुलांना लिनक्सवर चालणारे एक्सओ लॅपटॉप मिळाले. त्याच एक्सओ प्रकल्पासाठी १९८९ चा सिमसिटी हा नगररचनेचा खेळ पुढे ‘मायक्रोपोलिस’ या नावाने मूळ आज्ञावलीसह खुला करण्यात आला. त्याला अनुवादकाची गरजच उरली नाही.

त्या नववीतल्या मुलाने सुरुंगांच्या नोंदी पुऱ्या केल्यावर विचारले, "पैला घर कधीच फुटना नाय, ह्या कोणी ठरवल्यान?" एक्सपीच्या खेळाबाबत बाहेरून तर्कच करावा लागतो. वाइनच्या खेळाची आज्ञावली सी भाषेत आहे आणि उघडी आहे. ती आम्ही पडद्यावर आणली. पहिले घर कोणते ते कळल्यावरच सुरुंग पेरणारा, आणि पेरताना ते घर वगळणारा तुकडा शोधायला त्याला अर्धा तास लागला. मग त्याने सुरुंगांची संख्या दहाची ऐंशी करून पाहिली तर काय होईल, असे विचारले.